भार आणि उतार

सामर्थ्य पाहावयाचें तें चढावर, अशी आपली समजूत असते. कांद्याच्या गोण्यांनीं भरलेल्या पिकअपमध्यें चालकाशेजारीं बसून मी इगतपुरीहून कसारा घाट उतरलों, तेव्हां माझी ती समजूत ढळली. चढावर भार फार तर गाडीला अडवितो. उतारावर तोच तिला मागून ढकलूं लागतो. ब्रेक सारखा दाबून धरावा, तर तो तापतो आणि नेमक्या वळणावर दगा देतो. म्हणून उतार लागण्यापूर्वींच चालकानें खालचा गिअर घातला. इंजिन घुमूं लागलें, पण वेग आवरला. मागच्या मोटारी अधीरपणें भोंगे वाजवूं लागल्या. (रिकाम्या गाडीला घाई फार!)

“वाजवूं द्या, काका,” तो म्हणाला, “त्यांच्या पाठीवर दीड टन कुठें आहे?”

कसारा येईपर्यंत त्यानें गिअर बदलला नाहीं.