परीक्षकाचं नाक

घरी केलेल्या बिअरला मित्र कधीच नावं ठेवत नाहीत. थंडगार, फुकट आणि यजमानाने खपून केलेली. समोर बसून दोष कोण काढणार? म्हणून मी इथे अमेरिकेत स्पर्धांना बाटल्या पाठवते. तिथे बाटली कुणाची हे परीक्षकाला कळत नाही. तपकिरी काच, कोरं झाकण आणि रबरबँडने अडकवलेली नोंदणीची चिठ्ठी, एवढंच त्याच्यापुढे येतं.

या परीक्षकांना तयार करणारी बीजेसीपी ही संस्था १९८५ सालची. तिच्या स्कोअरशीटवर एकूण ५० गुण: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १०. ग्लासात ओतल्याबरोबर परीक्षक आधी नाक लावतो, कारण वास उडून जायला वेळ लागत नाही.

गुण द्यायचे ते त्या प्रकाराच्या छापील वर्णनाशी ताडून. चेक पद्धतीच्या फिक्या लागरला लोण्याचा पुसटसा वास चालतो. जर्मन पिल्सनरमध्ये तोच दोष ठरतो. त्यामुळे कुठल्या गटात नाव द्यायचं हे बिअर चाखून ठरवावं, कृतीच्या मथळ्यावरून नव्हे.

हा लोण्याचा वास डायअसेटिलचा. यीस्टने सोडलेल्या द्रव्यातून ते तयार होतं आणि सवड दिली तर यीस्टच ते संपवतं. लागर थंड करण्याआधी मी दोन ग्लासांत नमुना काढून दोन्ही फॉइलने झाकते. एक ग्लास ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवते, मग दुसऱ्याइतका गार झाला की दोन्ही हुंगते. तापवलेल्याला लोण्याचा वास आला, तर यीस्टचं काम अजून उरलंय. १८ अंशांच्या आसपास एखाद-दोन दिवस आणखी थांबायचं. बाटलीत गेल्यावर जो वास उमटला असता, तो असा आधीच सापडतो.

चांगला परीक्षक ‘छान आहे’ लिहून थांबत नाही. कुठला वास, किती तीव्र, कशामुळे आला असावा, पुढच्या खेपेला काय करावं, हे सगळं तो लिहितो. पदकापेक्षा मला तो कागद मोलाचा वाटतो, कारण पुढची बिअर त्यातून सुधारते.

तुम्हीही पाठवत असाल, तर एकाच खेपेच्या बाटल्या दोन वेगळ्या स्पर्धांना पाठवा. दोन्हीकडचा शेरा जुळला, तरच कृतीला हात लावा.