कालिकतची मिरची, बाळापूरचा ठेचा

जोडून सुट्टी आली की आपल्या गाड्या कुठे वळतात? लोणावळा, महाबळेश्वर, फारच झालं तर गोवा. मी महाशिवरात्रीच्या सुट्टीला बाळापूरला जाऊन आलो म्हटल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न आला, "हे कुठे आलं?" तर मंडळी, हे आलं अकोला जिल्ह्यात. अकोल्याला रेल्वेने उतरायचं, स्टँडवरून एसटी पकडायची आणि पाऊण तासात बाळापूर.

गावाला दोन नद्या. एकीचं नाव मन, दुसरीचं म्हैस. (हे मी बनवलेलं नाही!) त्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केलेला आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ साली पुरा केलेला. विटांचे जाडजूड बुरूज, एकात एक दरवाजे आणि पायथ्याशी बाळादेवी, जिच्यावरून गावाचं नाव पडलं. मन नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची काळ्या दगडाची छत्री आहे. पुरंदरच्या तहातले तेच हे मिर्झाराजे. इतिहासप्रेमींसाठी एवढ्यावर एक दिवस सहज निघतो.

माझा दिवस मात्र गच्चीवर गेला. बाळापूरला माझे काका-काकू राहतात आणि त्या दिवसांत त्यांच्या गच्चीवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात. पाय ठेवायला जागा नाही आणि खालून वर येईपर्यंत दहा शिंका! वऱ्हाडी माणसाला मिरचीबद्दल काही सांगायला जाऊ नये, पण मी गेलो. कारण या ट्रिपला माझ्या मोबाइलमध्ये एक जर्मन डॉक्टर होता.

लिओनहार्ट फुक्स. जन्म १५०१, बव्हेरियातल्या वेम्डिंगचा. आन्सबाखला राजवैद्य होता, १५३५ पासून ट्युबिंगेनच्या विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक. १५४२ साली त्याने बाझेलहून वनस्पतींवर एक दणदणीत लॅटिन ग्रंथ छापला. त्यात पाचशेच्या वर चित्रं आहेत आणि एकेक झाड पानभर. आज तो स्कॅन होऊन नेटवर आहे, म्हणून तर माझ्या खिशात. त्यातलं एक चित्र मी काकूला दाखवलं. तिने चष्मा लावला आणि म्हणाली, "मिरचीच हाय ना हे!"

मिरचीच. युरोपात छापलेल्या मिरचीच्या अगदी पहिल्या चित्रांपैकी एक. आणि फुक्सने तिला नाव काय दिलं? कालिकतची मिरी! त्याला वाटलं, ही हिंदुस्थानातून आली. प्रत्यक्षात ती अमेरिकेची. कोलंबसानंतर युरोपात पोचली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. फुक्सचं पुस्तक निघालं तेव्हा वऱ्हाडात इमादशाही होती, अचलपूर ही राजधानी. मिरचीशिवाय हे लोक तेव्हा काय खात असतील, या विचाराने मला अजूनही कसंतरी होतं. तोरणातल्या झेंडूचंही तसंच. तोही अमेरिकेचा आणि फुक्सने त्यालाही 'इंडियन' म्हणून टाकलं. मक्याला म्हणाला तुर्की धान्य. पत्ते साफ चुकीचे, पण चित्रं अशी की पावणेपाचशे वर्षांनंतर बाळापूरची बाई क्षणात ओळखते.

चित्रांबद्दल हा माणूस कमालीचा हट्टी होता. चित्रकारांनी उगाच छाया-प्रकाशाची कलाकुसर करून झाड बिघडवायचं नाही, अशी ताकीद. मूळ, खोड, पान, फूल, फळ सगळं एकाच चित्रात हवं, मग खऱ्या झाडावर ते एकाच वेळी येवो न येवो. पण ज्यांनी ही चित्रं काढली, त्या तिघांचे चेहरेही त्याने पुस्तकात नावानिशी छापले. आपल्याकडे पीपीटी कुणी बनवली, हेसुद्धा कोणी सांगत नाही.

त्याची मुख्य तक्रार होती स्वतःच्या जातभाईंवर. शंभरातल्या एखाद्याच डॉक्टरला चार झाडं नीट ओळखता येतात. बाकी सगळे औषधविक्यांवर आणि खेड्यातल्या अडाणी बायकांवर विसंबतात, असं त्याने प्रस्तावनेत सुनावलं.

आता खरी गोष्ट. काकांचं हृदय गेली काही वर्षं अनियमित धडधडतं आणि त्यासाठी ते रोज डिगॉक्सिनची अर्धी गोळी घेतात. चहा घेता घेता त्यांनी सांगून टाकलं, "मी तं हे गोयी बंद करून रायलो बावा. सारं केमिकल हाय. त्यापरीस अर्जुनसालीचा काढा बरा." काकूचा चेहरा उतरला. हा वाद घरात आधीच होऊन गेला होता, हे मला कळलं.

मी मोबाइल पुन्हा काढला. फुक्सच्याच पुस्तकातलं दुसरं झाड, उंच दांडा, त्याला खाली झुकलेली घंटेसारखी फुलं. ग्रीक-लॅटिनमध्ये याला नाव सापडेना. जर्मन लोक याला 'फिंगरहूट' म्हणत, म्हणजे आपलं शिवणकामाचं अंगुस्तान. म्हणून त्याने लॅटिनमध्ये बोटावरून नाव पाडलं, डिजिटॅलिस. हृदयासाठी हे चालतं, हे त्याला माहीतच नव्हतं. ते उजेडात आणलं विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने, १७८५ मध्ये, दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदींसकट. आणि त्याला धागा मिळाला कुठून? श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या घरगुती काढ्यातून! फुक्सने नाक मुरडलं होतं ते अशाच बायांना. त्या काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. कामाची कोणती, हे विदरिंगने हेरलं आणि मात्रा किती, हे शोधत बसला. कारण हे पान जास्त झालं तर विष आहे. मळमळ, पिवळं दिसणं, नाडी मंदावणं, मग थेट जीवावर.

"म्हंजे हे गोयी झाडाचीच हाय?" काका.

"झाडाचीच. याच्याच एका भावंडाच्या पानातून काढतात. फक्त मोजून."

काका बराच वेळ त्या फुलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आन त्या जर्मनले मिरची आमची वाटली?"

"हो."

"हुशार मानूस दिसते."

मी अर्जुनसालीला वाईट म्हटलं नाही. आयुर्वेदात ती हृदयासाठी पूर्वापार आहे. पण गोळी चालू असताना काढा घ्यायचा की नाही, हे मी मोबाइल बघून ठरवणार नव्हतो, काकांनीही चहा पिता पिता ठरवायचं नव्हतं. सोमवारी ते अकोल्याला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळी तेवढीच ठेवली आणि काढा सध्या नको म्हणाले. काकूचा फोन आला, आवाज मोकळा होता.

फुक्सने पुढे याहून कितीतरी मोठा ग्रंथ तयार केला, दीड हजारांवर चित्रांचा. छापायला कोणी मिळालं नाही आणि १५६६ मध्ये तो गेला. हस्तलिखित आज व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

जाणार असाल तर फेब्रुवारीअखेर जा, नंतर वऱ्हाडातलं ऊन तुम्हाला झेपणार नाही. किल्ला सकाळीच उरकून घ्या. अकोल्यात हाताशी वेळ असेल तर कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान बघा. आणि कोणी ठेचा वाढला, तर आधी नखभर घ्या.