घरपोंच द्याल का?

जुनी वस्तु विकावयास काढली म्हणजे लोक आपल्याला तिच्या गुणदोषांविषयीं प्रश्न विचारतील, अशी माझी भाबडी समजूत होती. टेबल सागाचें आहे कीं आणखी कशाचें, घड्याळ दिवसाला किती मिनिटें मागें पडतें, कपाटाच्या कुलपाला किल्ली आहे कीं नाहीं, या प्रश्नांचीं उत्तरें मीं मनांतल्या मनांत तयार करून ठेवलीं होतीं. परंतु मागच्या चैत्रापासून श्रावणापर्यंत मीं आंतरजालावरच्या बाजारांत अकरा वस्तु विकल्या, आणि त्या निमित्तानें जे शंभरसवाशें लोक माझ्याशीं बोलले त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता : "घरपोंच द्याल का?"

विकण्याचें कारण साधें होतें. सदाशिव पेठेंतली आमची जुनी इमारत पाडून तेथें नवी उभी राहावयाची आहे, आणि तोंपर्यंत आम्हां उभयतांना चार खोल्यांचा संसार दोन खोल्यांत बसवावयाचा आहे. भाच्यानें प्रत्येक वस्तूचें छायाचित्र काढलें, किंमत घातली आणि मोबाइलच्या चार टिचक्यांत आमचें घर बाजारांत मांडलें. प्रत्येक वर्णनाच्या शेवटीं मीं आग्रहानें एक वाक्य घालावयास लावलें : "वस्तु घरीं येऊन पहावी व स्वखर्चानें घेऊन जावी." हें वाक्य इतकें स्पष्ट होतें कीं त्याचा दुसरा अर्थ काढणें एखाद्या भाष्यकारालाहि कठीण गेलें असतें. पण भाष्यकार निदान मूळ ग्रंथ वाचतात!

लहानपणीं आमच्या दारांत बोहारीण येत असे. डोक्यावरची पाटी ओट्यावर उतरवून ती ऐसपैस बसे. आईचें एक जुनें लुगडें आणि वडिलांचे दोन विटलेले सदरे यांच्या बदल्यांत एक पातेलें, एवढा सौदा पुरा व्हावयास तास दीड तास लागे. लुगड्याचा काठ बोटांनीं चाचपून पाहणें होई, पातेलें वाजवून पाहणें होई. एकदोनदां ती पाटी उचलून चालूं लागे आणि आई तिला पायरीवरून परत बोलावी. परंतु पोंचवण्याचा प्रश्न कधीं निघाला नाहीं. देणारी, घेणारी आणि वस्तु, तिघींची गांठ एकाच ओट्यावर पडलेली असे. आजच्या बाजारानें ती पाटी जगाएवढी केली, पण ओटा काढून टाकला. हडपसरच्या मनुष्याला पेठेंतलें कपाट घरबसल्या दिसतें. मधला रस्ता मात्र होता तेवढाच राहिला आहे.

खरें पाहतां लोकांचाहि फारसा दोष नाहीं. नवी वस्तु आतां मीठमोहऱ्यांपासून शीतकपाटापर्यंत आपण होऊन दारांत येते. तिच्या वाहतुकीचें भाडें कोठेंतरी किंमतींत मुरलेलें असतें, पण दिसत नाहीं. आणि जें दिसत नाहीं तें फुकट आहे असें मानण्याची मनुष्याला संवय आहे. मग जुनी खुर्ची विकणारा एखादा म्हातारा "येऊन घेऊन जा" म्हणाला, कीं तो त्यांना आडमुठा वाटतो.

अशा विचारणाऱ्यांच्या मीं हळूहळू जाती पाडल्या. एक जात "किंमत तीच ना? मग पोंचवून द्या" असें म्हणणाऱ्यांची. यांना दोनशें रुपयांच्या घडवंचीबरोबर चारशें रुपयांचा टेंपो हवा असतो. दुसरी जात अर्ध्या वाटेवर भेटणाऱ्यांची. ही दिसावयास समजूतदार, पण अनुभवाला जास्त जाचक. कोथरूडच्या एका गृहस्थांनीं भिंतीवरचें घड्याळ "नळ स्टॉपपर्यंत तरी आणा" म्हणून गळ घातली. मी तें चादरींत गुंडाळून रिक्षानें घेऊन गेलों आणि तान्हें मूल सांभाळावें तसें कडेवर धरून पाऊण तास उभा राहिलों. मग संदेश आला : "आज जमत नाहीं." त्या पाऊण तासांत घड्याळानें दोनदां टोले दिले, आणि दोन्ही वेळां रस्त्यावरच्या लोकांनीं माझ्याकडे वळून पाहिलें. तिसरी जात विरळा. एका विद्यार्थ्यानें काहीं न विचारतां दोन मित्र आणले आणि माझें टेबल उलटें करून डोक्यावर घेऊन तिघेहि हंसत पेरूगेटाच्या दिशेनें निघून गेले.

आमचे एक स्नेही वकील आहेत. घड्याळाची कथा ऐकल्यावर त्यांनीं मला कायदा सांगितला. १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्याचें छत्तिसावें कलम असें आहे कीं निराळा करार नसेल तर विकलेला माल विक्रीच्या वेळीं जेथें असेल तेथेंच द्यावयाचा. बत्तिसावें कलम म्हणतें, निराळें ठरलें नसेल तर माल देणें आणि पैसे देणें हीं बरोबरच व्हावयाचीं. आणि माल पाठवण्याचें ठरलेंच असेल तर तो वाहतूकदाराच्या स्वाधीन केला कीं प्रथमदर्शनीं घेणाऱ्याला दिल्यासारखाच, असें एकोणचाळिसावें कलम. माझें तें ठळक वाक्य म्हणजे कायद्याचाच अनुवाद होता हें कळून मला फार बरें वाटलें. कायदा आपल्या बाजूला आहे असें समजल्यावर मनुष्याच्या आवाजांत जो एक कोरडेपणा येतो, तो त्या दिवसापासून माझ्या उत्तरांत आला.

त्या कोरडेपणाला लवकरच भीतीचीहि जोड मिळाली. आमच्या लोखंडी पलंगाविषयीं एकानें विचारलें. तो म्हणे सैन्यांत अधिकारी होता. बदली झाल्यामुळें स्वतः येऊं शकत नव्हता. त्यानें ओळखपत्राचें चित्र पाठवलें, किंमतींत एक रुपयाहि कमी केला नाहीं, आणि म्हणाला, "गाडी मी पाठवतों. पैसे आधींच घ्या." इतक्या दिवसांनीं भाड्याचा शब्द न काढणारा मनुष्य भेटल्यामुळें मी विरघळलों. त्यानें एक काळापांढरा चौकोन पाठवला आणि सांगितलें, "हा मोबाइलला दाखवा, तुमचा गुप्त आंकडा घाला, पैसे तुमच्या खात्यांत पडतील." मी आंकडा घालणार इतक्यांत शेजारची चौदा वर्षांची मुलगी, जी वाटी परत करावयास आली होती, म्हणाली, "आजोबा, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?"

मोबाइलवरून पैसे देण्याची ही यूपीआयची पद्धत २०१६ सालीं सुरू झाली, आणि तिचें मुख्य सूत्र त्या मुलीच्या एका वाक्यांत आलें होतें. आंकडा घालावयाचा तो द्यावयाच्या वेळीं. घेणाऱ्याला कांहींच घालावें लागत नाहीं. तो अधिकारी त्यानंतर माझ्याशीं कधीं बोलला नाहीं. पलंग वाचला, पैसेहि वाचले. पण माझा कांहीं भाग त्या चौकोनांत गेलाच.

माझ्या वडिलांच्या काळीं या अडचणीवर एक तोड होती. १८७७ सालीं या देशाच्या टपालखात्यानें व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. देणारा आणि घेणारा यांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नसे. पण पोस्टमनच्या एका हातांत पुडकें असे आणि दुसरा हात पैशांसाठीं पुढें झालेला असे. बत्तिसाव्या कलमाची मूर्तिमंत आकृतीच ती! त्यांतहि फसगत होतीच. पुस्तक मागवून तें परत करणारे वाचक होते, आणि परत आलेल्या व्ही. पी. चें टपालभाडें पाठवणाऱ्याच्या माथीं बसे. आमच्या मासिकांच्या चालकांना तें दुःख कोणीं नव्यानें सांगावयास नको. तरीहि दोन अनोळखी माणसांमध्यें एक ओळखीचा पोस्टमन उभा होता. माझ्या आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या मध्यें कोणीच नव्हतें. म्हणून मीं नियम उभा केला. "घरपोंच द्याल का?" या प्रश्नाला मी एकच उत्तर देऊं लागलों : "नाहीं. जाहिरात वाचावी."

शेवटीं आईचें शिवणाचें मशीन राहिलें. पायानें चालवण्याचें, बिडाच्या जाळीदार पायांचें. आमचीं लहानपणचीं सारीं कपडेलत्तीं त्यावर झालीं. त्याची जाहिरात लागल्याच्या दुसऱ्या दिवशीं एका बाईंचा संदेश आला : "काका, मशीन धायरीला पोचवाल का?" मीं नेहमींचें उत्तर पाठवलें. तिकडून आलें : "बरं. बघते." नंतर दहा दिवस कांहीं नाहीं.

त्या दहा दिवसांत मशीनसाठीं आणखी पांच जणांनीं विचारलें, आणि पांचांनाहि मीं असेंच वाटेला लावलें. त्यांतला एक तर टेंपो घेऊन यावयास तयार होता, पण रविवारीं. मीं त्याला कळवलें कीं रविवारीं आम्ही कोणाला बोलावीत नाहीं. हें ऐकून पत्नी शांतपणें म्हणाली, "अहो, मशीन विकायचं नसेल तर तसं सांगा. लोकांना नियम कशाला सांगता?"

मीं वर्तमानपत्र तोंडापुढें धरलें. पण अक्षर दिसेना. कायदा, फसवणूक, नळ स्टॉपचा पाऊण तास, हीं सारीं खरीं होतीं. परंतु त्यांच्या आड उभें राहून मी निराळेंच कांहीं करीत होतों. घेणाऱ्याला अडचण पडावी, तो दमून परत जावा, आणि मशीन न्यावयास कोणी येतच नाहीं असें मला आईच्या तसबिरीकडे पाहून म्हणतां यावें, अशी माझी आंतली इच्छा होती. नियम प्रामाणिक होता; तो वापरणारा मी प्रामाणिक नव्हतों.

अकराव्या दिवशीं सकाळीं दार वाजलें. तिशीपस्तिशीची एक बाई आणि दहाबारा वर्षांचा मुलगा. तिच्या हातांत एक गोणपाट, सुतळीचा गुंडा आणि एक पेचकस. "काका, धायरीहून आलेय. मशीन बघते." तिनें मशीन उघडलें, चाक हातानें फिरवलें, सुईजवळ कान नेला, पट्टा चाचपला. आमच्या बोहारणीनंतर वस्तूला अशा तऱ्हेनें हात लावणारें माणूस मीं प्रथमच पाहत होतों. मग तिनें ठरलेले तीन हजार रुपये मोजून माझ्या हातांत ठेवले, आणि पेचकस घेऊन मशीनचें डोकें लाकडी फळीपासून सोडवावयास बसली.

"हें काय करतां?" मीं विचारलें.

"डोकं आज बसनं नेते. पाय उद्या न्यायला येते. एकदम नाही ना व्हायचं." ती मान वर न करतां म्हणाली. साड्यांना फॉल लावण्याचें काम ती करी. एक दिवस येण्यांत गेला कीं त्या दिवसाच्या साड्या बुडत. म्हणून तिनें पोंचवण्याविषयीं विचारलें होतें, आणि म्हणूनच येण्यास तिला दहा दिवस लागले होते. यांतलें कांहींहि तिनें तक्रार म्हणून सांगितलें नाहीं. मीं विचारलें तेवढ्याचें उत्तर दिलें.

माझ्या हातांत तीन हजार रुपये होते आणि तोंडांत एकहि कलम नव्हतें. मीं मुकाट्यानें कोपऱ्यावरच्या टेंपोवाल्याला बोलावलें. धायरीपर्यंत तो सहाशें म्हणाला. "भाडं मी देतों" असें मी म्हणतांच ती पेचकस खालीं ठेवून उभी राहिली. "नको काका. मी फुकट मागितलं नव्हतं. पोचवाल का, एवढंच विचारलं होतं." शेवटीं पत्नीनें निवाडा केला : भाडें निम्मेंनिम्में, आणि जिन्यावरून उतरवून देणें आमच्याकडे. मुलगा मशीनच्या खणांतलीं बटनें मला द्यावयास आला. तीं त्यालाच ठेवावयास सांगितलीं. टेंपो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी खालीं उभा होतों. ती गाडीवाल्याजवळ न बसतां मागें बसली होती, एक हात मशीनवर ठेवून.

त्या दुपारीं मला उमगलें कीं "घरपोंच द्याल का?" हा एक प्रश्न नसून तीन आहेत. भाडें कोणीं द्यावयाचें? श्रम कोणीं करावयाचे? आणि वाटेंत कांहीं बिघडलें, किंवा समोरचा लबाड निघाला, तर नुकसान कोणाचें? हे तिन्ही एकत्र गुंडाळले म्हणजे भांडण होतें. सुटे केले म्हणजे प्रत्येकाचें उत्तर दोन वाक्यांत मिळतें. पैसे हातांत पडल्यावांचून वस्तु हालवावयाची नाहीं, आणि घेण्यासाठीं आपला गुप्त आंकडा कोठेंहि घालावयाचा नाहीं, एवढें पाळलें कीं लबाडाचा बंदोबस्त होतो. उरलेल्या दोन प्रश्नांना लबाडांसाठीं केलेला नियम लावण्याचें कारण नाहीं. मीं माझ्या एका दरवाजाला तिन्ही कुलुपें घातलीं होतीं. लबाड मनुष्य कुलूप पाहून दुसऱ्या दाराकडे गेला. बाहेर थांबून राहिली ती धायरीची बाई.

आतां फक्त पुस्तकांचें कपाट राहिलें आहे. त्याच्या जाहिरातींतलें शेवटचें वाक्य मीं बदलून घेतलें : "कपाट घरीं येऊन पहावें. नेण्याची अडचण असल्यास सांगावें. भाडें घेणाऱ्याकडे, गाडी ठरवून चढवून देणें आमच्याकडे." भाचा म्हणतो, वाक्य लांब झालें, कोणी वाचणार नाहीं. त्याचें म्हणणें खरें असावें. कारण काल रात्रीं पहिला संदेश आला तो तोच : "घरपोंच द्याल का?"

मीं उत्तर लिहिलें : "आपण राहतां कोठें?"