तंबूखालचं अंथरूण: न्यावं की नाही?



गेली काही वर्षं मी आणि माझी लेक हिवाळ्यात एकदा तरी सह्याद्रीत मुक्कामाला जातो. सामान आमचं आम्हीच पाठीवर वाहतो. त्यामुळे सॅक भरताना एक वाद ठरलेला असतो, तंबूखाली अंथरायला कापड न्यायचं की नाही. लेक म्हणते, "आई, तंबूला स्वतःचा तळ आहे ना? मग तळाला आणखी तळ कशाला?" मी म्हणते, एवढी महागाची वस्तू दगडावर अशीच कशी टाकायची?

यंदा ती मैत्रिणींबरोबर हिमालयात आठ दिवस चालणार आहे. तंबू एकच, आणि तो तिच्याच पाठीवर. वाटेत फाटला तर दुसरा मिळणार नाही. म्हणून म्हटलं, हा वाद आता नीट बसून मिटवू.

आधी तंबूचा तळ समजून घेऊ. हलक्या तंबूचा तळ बहुतेक १५ ते ३० डेनियरच्या नायलॉनचा असतो. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम भरतं, तो आकडा. आकडा लहान तेवढा धागा बारीक. या कापडाला आतून पाणी अडवणारा पातळ लेप असतो. कापड चांगलं चिवट असतं, पण टोकदार खडा, बाभळीचा काटा किंवा कापलेल्या कारवीचा खुंट यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. शिवाय रात्रभर आपण कुशी बदलतो, गुडघ्यावर बसून सामान काढतो. तेवढ्या जागी सगळा भार येतो आणि खालची ओल बारीक छिद्रातून वर येते.

मग वजनाचा हिशेब. आमच्या दोघींच्या तंबूखाली २ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद तुकडा पुरतो, म्हणजे २.४ चौरस मीटर. चौरस मीटरला १२० ग्रॅम भरणारी ताडपत्री घेतली तर २८८ ग्रॅम होतात. माझ्या भावाच्या शेतात भाजीच्या वाफ्यांवर अंथरायचा मल्चिंग पेपर असतो, २५ मायक्रॉनचा. त्याचा उरलेला तेवढाच तुकडा आणला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर ५५ ग्रॅमच्या आसपास भरला. दोन्हींत जवळपास पाव किलोचा फरक! चढावर पाव किलो म्हणजे काय, ते गुडघे दुखणारीला विचारा. ताडपत्रीपुरतं लेकीचं म्हणणं मला पटलं, ती नको. पातळ कागदाला मात्र तिच्याकडेही उत्तर नव्हतं.

पातळ कागद काटा अडवत नाही, हे खरं. काटा अडवायचा असेल तर जागाच साफ केली पाहिजे. कागद अडवतो ते घासणं, चिखल आणि ओल. वाळू आणि बारीक खडे घासून तळ हळूहळू झिजतो, ती झीज कागदावर जाते. आणि सकाळी दवात भिजलेली माती तंबूला न लागता कागदाला लागते. कागद झटकला, पुसला, की झालं. तंबू स्वच्छच गुंडाळला जातो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. अंथरूण तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार बोटं लहानच हवं. बाहेर डोकावत राहिलं, तर तंबूवरून ओघळणारं पाणी त्यावर साचतं आणि थेट आपल्या पाठीखाली येतं. वाळवणाखालचं प्लास्टिक पावसाच्या सरीत कसं तळं होतं, ते आपण पाहिलेलंच आहे. तुकडा मोठा असेल तर कडा खालच्या बाजूला दुमडा. आणि आतल्या कापडावर सकाळी दिसणारे थेंब या अंथरुणाने थांबत नाहीत. ती आपल्याच श्वासाची वाफ असते. त्यासाठी तंबूची हवेची झडप उघडी ठेवायची.

जागा पाहून, हलक्या हाताने झाडून मगच काही अंथरायचं, ही तर आपल्या घरातली सवय. डोंगरात ती दुहेरी उपयोगी पडते. मुंग्यांची रांग किंवा वारूळ दिसलं तर आम्ही चार पावलं पुढे सरकतो. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं असतं, म्हणून तंबूही उजेडातच उभा राहतो आणि जमीन नीट दिसते. सकाळी कागद ओढून काढायचा नाही. त्याच्या उबेला रात्रीतून किडे, गोगलगाई, कधी विंचूही येऊन बसतो. कड हळूच उचलावी, थोडं थांबावं, त्यांना जाऊ द्यावं. यात त्यांचाही जीव वाचतो आणि आपली बोटंही.

सगळीकडे अंथरूण लागतंच असं नाही. मऊ गवत असेल, देवळाची ओसरी असेल किंवा तंबूचा तळच जाड ताडपत्रीचा असेल, तर ते घरी ठेवलं तरी चालतं. कातळ, मुरूम, नदीकाठची वाळू किंवा ओली माती असेल तर जरूर न्यावं. आणि पातळ कागद वाऱ्याने फाटला तर त्याचा तुकडा न् तुकडा गोळा करून परत आणावा. गुरांच्या पोटात तो जायला नको.

लेकीने आता कागद मापाने कापून, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून दोरीसाठी भोकं पाडली आहेत. सोबत तंबूला ठिगळ लावायची पट्टीही घेतली आहे. ती मात्र मी सांगितलेली नव्हती, तिचं तिनेच सुचवलं.