माहुताचा पोर

होसकोटे, २ डिसेंबर

शहाजीराजांच्या जहागिरीतल्या या जुन्या कसब्यात राहून म्हैसूर संस्थानाचा विषय निघाला, की मला दिवाण आणि दसरा यांच्याआधी आठवतो तो चित्रपटनट साबू. १९२४ साली करापूरच्या रानात, संस्थानच्या हत्तीखान्यातील माहुताच्या पोटी जन्मलेला, आणि १९६३ साली आजच्याच तारखेला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात हृदयविकाराने निवर्तलेला.

दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या चित्रपटासाठी हा पोरका मुलगा निवडला गेला आणि १९३७ साली ‘एलिफंट बॉय’ पडद्यावर आला. त्यातला साबू पाहावा: उघड्या अंगाने हत्तीच्या मानेवर बसलेला, अभिनय नावाची काही विद्या असते याची गंधवार्ताही नसल्यासारखा निःशंक. पुढे ‘द थीफ ऑफ बगदाद’ आणि ‘जंगल बुक’ यांनी कीर्ती दिली खरी, परंतु तिच्याबरोबर हॉलिवूडने फेटा आणि लंगोटही कायमचा त्याच्या माथी मारला. १९४४ साली अमेरिकेचे नागरिकत्व पत्करून, बॉम्बफेकी विमानाच्या शेपटाकडील बंदूक सांभाळून ज्याने दुसऱ्या महायुद्धात शौर्यपदक मिळवले, त्या जवानाच्या वाट्याला परतल्यावर बहुधा पुन्हा रानावनातल्याच भूमिका याव्यात, यास मी त्या व्यवसायाची कृतघ्नता म्हणतो. (‘ब्लॅक नार्सिसस’मधला अत्तर लावून मिरवणारा राजपुत्र तेवढा वगळावा.)

मेहबूब खानांनी ‘मदर इंडिया’तील बिरजूसाठी प्रथम त्यालाच योजले होते, पण परदेशी नागरिकाच्या परवान्यापाशी घोडे अडले, भूमिका सुनील दत्तांकडे गेली, आणि साबूचा एकही हिंदी चित्रपट झाला नाही.