रबराला बांधलेली वीट

नांदेडला जाणारा माणूस गोदावरीचे घाट पाहतो, सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकतो आणि लंगरच्या प्रसादाची चव जिभेवर घेऊन परततो. आम्हीही हे सारे केले. पण नांदेडचे नाव निघाले की मला आठवते ती एक साधी भाजकी वीट.

ती आमच्या यजमानांच्या पडवीत होती. हे गृहस्थ विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. सारी गल्ली त्यांना गुरुजीच म्हणते. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीकडे ४.५ रिश्टरचा धक्का बसला, तेव्हा नांदेडातही भांडी वाजली आणि माणसे अंगणात धावली. आम्ही गेल्या पौषात गेलो, तेव्हा त्या धक्क्याचा विषय निघालाच. गुरुजी काही न बोलता उठले. फळीवर खरकागद ठोकलेला होता. त्यावर त्यांनी वीट ठेवली, विटेला लांब रबर बांधले आणि टोक आमच्या मंडळींच्या हाती दिले. ‘‘ओढा वहिनी, अगदी सावकाश.’’

रबर ताणले गेले, वीट ढिम्म. आणखी ताणले, तरी ढिम्म. आणि एकाएकी ती चार बोटे पुढे उडाली व पुन्हा गप्प बसली. मंडळी दचकल्याच. ‘‘हाच भूकंप,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘तुमचा हात सारखाच ओढत होता. वीट मात्र अडली आणि सुटली.’’

मग त्यांनी सगळी कथा सांगितली. दाब वाढला की घर्षण त्याच प्रमाणात वाढते, हे अमाँताँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६९९ सालीच मांडले होते. पण त्याचा भूकंपाशी मेळ घालण्यात ब्रेस आणि बायर्ली यांचा मोठा वाटा. अमेरिकेतील या दोघांनी प्रयोगशाळेत ग्रॅनाइटचे तुकडे प्रचंड दाबाखाली धरले आणि एकमेकांवर सरकवून पाहिले. खडकही विटेसारखाच अडे, मग झटक्याने सुटे. भूकंप म्हणजे दर वेळी नवा खडक फुटणे नव्हे, जुनीच भेग पुन्हा सरकणे असू शकते, असे त्यांनी १९६६ साली लिहिले. पुढे डीटरिक यांना दिसले की दोन दगड जितका वेळ एकमेकांना चिकटून स्वस्थ राहतात, तितकी त्यांची पकड हळूहळू घट्ट होते. माणसांच्या अबोल्यासारखेच म्हणायचे!

दुसऱ्या दिवशी गुरुजींसह आम्ही लोहा, अहमदपूर करीत लातूरला आलो. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे वळसा घालून औशाच्या वाटेने किल्लारीकडे निघालो. दोन्ही बाजूंना काळी माती, कणसावर आलेली ज्वारी, हरभऱ्याचे हिरवे पट्टे. या भुईच्या पोटात काही असेल असे वाटतही नाही. किल्लारीत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने ६१७ मीटर विवर खणले, तेव्हा आपला काळा पाषाण ३३८ मीटरांवरच संपला. त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक लागला. त्या जुन्या खडकातल्या भेगा वरून दिसत नाहीत. भारताची भूमी हिमालयाला रेटते आहे. त्या रेट्याचा ताण इथवर पोचतो. रबर ओढणारा हात तोच.

जुन्या किल्लारीच्या जागी स्मारकापाशी आम्ही उभे राहिलो. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भेग सरकली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे जड माळवद यांच्याखाली गेली.

गुरुजींची थोरली बहीण त्यांतली एक.

परतताना ते आपणहून बोलले. ‘‘१९९२ साली इथे लहान धक्के बसायला लागले. अक्का नांदेडला आली होती. म्हणाली, आप्पा, पोरं घेऊन इकडंच येऊ का रं? मी म्हणालो, अक्का, भिऊ नको. बारीक धक्क्यांनी जमिनीचा ताण निघून जातो. मोठा येत नाही. मी शिक्षक. तिनं ऐकलं.’’

थोडे थांबून म्हणाले, ‘‘हिशेब मला नंतर कळला. चारच्या हजार धक्क्यांची शक्ती गोळा केली, तर सहाचा एक होतो. बारक्यांनी कितीसा ताण निघणार! तेव्हापासून वीट ठेवली. शंभरदा ओढा, किती ताणल्यावर सुटेल हे दर वेळी निराळंच.’’

संध्याकाळी नव्या वसाहतीत अक्कांच्या मुलाकडे उतरलो. सरकारी घराला जोडून त्याने नवी खोली काढली होती. भिंत कमरेइतकी आली होती. गुरुजींनी चहाही घेतला नाही, आधी भिंत बोटाने खरवडली. माती! दगडही जुन्या घराचे.

‘‘मामा, आईच्या घरचे दगड आहेत, टाकवत नाहीत,’’ भाचा म्हणाला.

‘‘दगड ठेव रे,’’ गुरुजी म्हणाले, ‘‘माती काढ. सिमेंटात रच. भिंतीच्या दोन्ही अंगांना धरतील असे लांब दगड मधून मधून घाल. आणि दारांच्या डोक्यावर चौफेर काँक्रीटचा पट्टा. पैसे कमी पडले तर माझ्याकडून ने.’’

भाच्याची लहान मुलगी सारे ऐकत होती. तिने विचारले, ‘‘आजोबा, पुन्हा येईल का हो भूकंप?’’

गुरुजी तिच्याजवळ खाली बसले. ‘‘कधी येईल ते मला कळत नाही, बाळ. कुणालाच सांगता येत नाही. पण भिंत कशी असावी, ते कळतं.’’

दिवाळीला भाच्याचे पत्र आले. खोली पुरी झाली होती. पट्टा चौफेर बसवला होता. पहिली पणती, त्याने लिहिले होते, आईच्या दगडावर ठेवली.