खडूचे दोन रकाने

नेऱ्यात आमच्या अब्बांचे शिंप्याचे दुकान होते. दुकान म्हणजे घराचीच ओसरी. तिथे एक शिलाई मशीन, कापड बेतायची लाकडी फळी आणि खिळ्याला टांगलेला ट्रान्झिस्टर. रेडिओचा परवाना तेव्हा पोस्टात पैसे भरून काढावा लागे आणि अब्बा तो न चुकता काढीत. मुळशीच्या त्या भागात भातकापणी उरकली की लोकांना जरा उसंत मिळे. सामना असला की पाच-सात जण ओसरीवर येऊन टेकत. शेजारचे अण्णा त्यात कायम.

मुंबईला कसोटी असली की मराठी धावते समालोचन लागे. बाळ पंडितांचा आवाज आला की अब्बा मशीनचा पाय थांबवीत. पंडित पुण्याचे, स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. पायचीत, यष्टिरक्षक, निर्धाव षटक हे शब्द आमच्या घरात त्यांच्या तोंडून आले. अम्मी चुलीपासून ओरडून विचारी, "कित्ते हुए रे?" आणि मी दखनीतच सांगे, "चार गये, पायचीत हुआ." पायचीतला दखनीत दुसरा शब्द आम्हाला कधी लागलाच नाही.

हिंदी समालोचनाची तऱ्हा वेगळी. सुशील दोशी बोलू लागले की चेंडू सीमारेषेवर पोचायच्या आधीच आमचे श्वास पोचत. जसदेव सिंग हॉकीचे वर्णन करीत तेव्हा चेंडूपेक्षा त्यांची जीभ जलद पळते असे अण्णा म्हणत.

तिसरा आवाज लघुलहरींवर सापडे, तो रेडिओ पाकिस्तानचा. उर्दू समालोचनाचा पाया घालणारे म्हणून मुनीर हुसेन यांचे नाव घेतले जाते. क्रिकेटचे बहुतेक शब्द तिथे इंग्रजीच असत, पण भोवतीची उर्दू मात्र रेशमी. खरखरीतून तो आवाज कधी जवळ येई, कधी विरून जाई.

१९७८ साली भारताचा संघ पाकिस्तानात गेला. १९६०-६१ नंतर या दोन देशांत कसोटी मालिका झालीच नव्हती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. अब्बा एकाच ट्रान्झिस्टरची सुई कधी आकाशवाणीवर, कधी कराचीवर नेत. माझ्याकडे एक काम होते. शिंप्याच्या खडूने फळीवर दोन रकाने आखायचे, एकावर 'आकाशवाणी', दुसऱ्यावर 'कराची', आणि ज्या स्टेशनवर जो धावफलक ऐकू येईल तो त्या रकान्यात लिहायचा. गंमत अशी की एकाच फटक्याला इकडे 'नशिबाचा चौकार' म्हणत आणि तिकडे त्याचीच तारीफ चाले. पंचांनी अपील फेटाळले की एकीकडे हळहळ, दुसरीकडे सुटकेचा श्वास. पण माझे दोन्ही रकाने संध्याकाळी जुळत. अब्बा म्हणत, "आवाज ज्याचा त्याचा असतो. धावा सगळ्यांच्या."

हे लोकांना मात्र पटत नव्हते. सुई कराचीवर गेली की अण्णा हसत विचारीत, "काय चाचा, तुमचं स्टेशन काय म्हणतंय?" किरमाणीचेही तसेच. त्याने झेल घेतला की तो 'आपला किरमाणी' आणि सोडला की 'तुमचा किरमाणी'. अब्बाही हसत. लहान असूनही मला ते हसू उसने वाटे.

१९ नोव्हेंबरचा रविवार मला विसरता येत नाही. कराचीच्या कसोटीत गावसकरांनी दोन्ही डावांत शतके केली होती, तरी अखेरच्या सत्रात पाकिस्तानला १६४ धावाच हव्या होत्या. इम्रानने बेदींना षटकार मारले आणि सामना गेला. ओसरीवर कोणी बोलेना. मग मागून एक जण म्हणाला, "चला, आज चाचाकडं शिरखुर्मा." दोघे-तिघे हसले. अण्णा हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत.

अब्बांनी ओल्या फडक्याने फळी पुसली. दोन्ही रकाने गेले. त्या दिवसानंतर सुई कराचीकडे गेली नाही. मी एकदा सरकवू पाहिली, तर त्यांनी माझा हात धरला. मारले नाही, नुसता धरला.

मला आणखी एक कबूल केले पाहिजे. त्या मालिकेत झहीर अब्बासची फलंदाजी मला फार आवडली होती आणि भारत हरला म्हणून त्या रात्री मी जेवलोही नव्हतो. या दोन्ही गोष्टी एकाच पोरात एका वेळी असू शकतात, हे गावात कोणाला सांगावे ते कळत नव्हते. शेवटी पहिली गोष्ट मी लपवली. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तसेच केले असेल.

१९८३ च्या जानेवारीत भारत पुन्हा पाकिस्तानात खेळत होता. सिंधमधल्या हैदराबादला मियाँदाद आणि मुदस्सर नजर यांनी तिसऱ्या गड्यासाठी ४५१ धावा केल्या, तेव्हाची गोष्ट. आकाशवाणी नुसती खरखरत होती. अण्णा वैतागून म्हणाले, "चाचा, कराची लावा की."

अब्बा सुईत दोरा ओवत होते. वर न बघता म्हणाले, "त्या बाजूला काटा आता फिरत नाही."

अण्णा उठले आणि त्यांनी स्वतः काटा फिरवला. स्वच्छ उर्दू ओसरीभर पसरली. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "कळत काही नाही, पण कानाला बरं वाटतं. तो काय म्हणाला आत्ता?"

अब्बांनी दोरा खाली ठेवला. "खरं सांगू अण्णा? मलाही अर्धंच कळतं. मी मराठी शाळेत शिकलो."

अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षे ज्याला ते 'तुमचं स्टेशन' म्हणत होते, त्याची भाषा अब्बांना आणि त्यांना जवळपास सारखीच परकी होती. नंतर दोघे मिळून एकेका शब्दाचा अर्थ लावीत बसले. मी खडू शोधला आणि फळीवर पुन्हा दोन रकाने आखले. 'तुमचं स्टेशन' हा शब्द त्यानंतर अण्णांच्या तोंडून मी ऐकला नाही.

मुनीर हुसेन २०१३ मध्ये गेले, बाळ पंडित २०१५ मध्ये. अब्बा आणि अण्णा त्याआधीच गेले. हिंजवडीच्या इमारती आता नेऱ्याच्या उशाशी आल्या आहेत आणि सामने सगळे मोबाइलवर बघतात. समालोचन बातम्यांमध्येही शिरले आहे. कुठे काही घडले की दहा आवाज दहा बाजूंनी ओरडू लागतात आणि आमच्यासारख्याकडे बघून कोणीतरी विचारतेच, तुमचे स्टेशन काय म्हणते?

अशा वेळी मी अब्बांची रीत पाळतो. आधी दोन्हीकडच्या धावा लिहून घेतो. जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या, तर खडू हातात ठेवून थांबतो.